येर म्हणजे पाणी

लग्नसराईत आमच्या घरात सगळे वाकून चालत. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या ताणलेल्या असत आणि त्यांवर लग्नाच्या पत्रिका वाळत असत. कुणाच्या पत्रिकेवर गणपती, कुणाच्या पत्रिकेवर चांद-तारा, पण शाई एकाच डब्यातली. अब्बांना गडचिरोलीत सगळे रशीद पेंटर म्हणून ओळखत. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबर प्लेटा, शाळांच्या भिंतींवरची वाक्यं, आणि उरलेल्या वेळात घरीच स्क्रीन प्रिंटिंग. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, त्यावर रसायन लावून उन्हात चित्र उतरवायचं, मग चौकट कागदावर ठेवून शाई ओतायची आणि रबराची पट्टी ओढायची. पट्टी ओढल्याचा लांब आवाज आणि मागोमाग चौकट उचलल्याचा बारीकसा चट्, या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. आजही कुणी ओल्या फरशीवर वायपर ओढला, की माझे कान त्या चट्‌ची वाट पाहतात.

मागच्या खोलीत अम्मीचं राज्य. तिची तक्रार एकच, की लाखोळीच्या डाळीत अंबाडी घाला नाहीतर शुक्रवारचा दालचा करा, सगळ्याला थिनरचाच वास. उन्हाळ्यात जंगलाकडच्या बाया टोपल्यांतून टेंभरं आणि चारं ही रानफळं विकायला आणत, तेव्हा अम्मी ती धुऊन मुद्दाम अंगणात बसूनच आम्हाला खाऊ घाले. घरात खाल्ली तर रंग खाल्ल्यासारखं वाटतं म्हणे. घरात आम्ही हिंदी बोलायचो, म्हणजे आम्ही तिला हिंदी समजायचो. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की झाडीपट्टीतली मराठी. अब्बा तर एकाच वाक्यात दोन्ही भाषांतून फिरून येत. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आठवतं तेही आता मराठीतच.

बारावी झाल्यावर मी घरीच होते. पुढे शिकायचं की लग्न, यावर घरात कुणी भांडत नव्हतं आणि कुणी ठरवतही नव्हतं. तोवर मी अब्बांनी आखलेल्या अक्षरांत रंग भरायची आणि पत्रिकांच्या कोपऱ्यातल्या वेली काढायची. हात बरा होता. अब्बा तोंडावर कधी कौतुक करत नसत, पण गिऱ्हाइकाला सांगताना मला मागच्या खोलीत ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत.

वनमालाबाई आमच्याकडे आल्या त्या एका शनिवारी. धानोऱ्याच्या बाजूला कोसमटोला नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. मूळच्या पोंभुर्ण्याकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. बुटक्या, सावळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याची सवय. त्यांनी कापडी पिशवीतून एक जाडजूड वही काढली आणि अब्बांना सांगितलं ते असं, की पहिलीत येणारी पोरं दोन-दोन महिने तोंड उघडत नाहीत. त्यांना आपण ढ समजतो. पण पुस्तकात लिहिलेलं असतं ‘पाणी’, आणि त्यांच्या घरी पाण्याला म्हणतात येर. झाडाला मरा, विस्तवाला किस, पाखराला पिट्टे. बाई दोन वर्षं बोअरिंगवर पाणी भरायला येणाऱ्या बायांकडून एकेक शब्द शिकत होत्या. सगळ्यात जास्त शब्द शिकवले ते शाळेशेजारी राहणाऱ्या सोमारीबाईंनी. त्यांच्या दोन नाती शाळेत होत्या. आता बाईंना एक छोटी पुस्तिका हवी होती. वर चित्र, चित्राखाली गोंडी शब्द, त्याखाली मराठी शब्द. पोर आधी आपल्या घरचा शब्द वाचेल, मग आपला हात धरून दुसऱ्या शब्दाकडे जाईल.

अब्बांच्या अंगावर त्या आठवड्यात बोर्डांचं काम होतं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

मी चार दिवसांत दहा-बारा चित्रं काढून दिली आणि मनात खूश झाले. पुढच्या शनिवारी बाई ती घेऊन परत आल्या. झाड ठीक आहे, म्हणाल्या, बैल ठीक आहे, पण घराचं चित्र पाहून सोमारीबाईंनी विचारलं की या घरात कोण राहतं. मी पाहिलं. दोन खिडक्या, मधोमध दार, वर धुराडं, बाजूला वळणाची पायवाट. असं घर मी गडचिरोलीतही कधी पाहिलेलं नव्हतं. पहिलीच्या पुस्तकातून ते माझ्या हातात येऊन बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

“तू चाल माझ्यासंगं,” बाई म्हणाल्या. “डोळ्यानं पाहून काढ.”

अम्मी मला त्या बाजूला पाठवायला तयार नव्हती. शेवटी अब्बा सोबत आले. बस सोडून आम्ही दीडेक तास चाललो. पावसाळा अर्ध्यावर आला होता, धानाच्या बांध्यांत रोवणी झालेली, आणि वाटेवरच्या चिखलात अब्बांची एक चप्पल राहिली ती राहिलीच. सोमारीबाईंच्या घराचं छप्पर इतकं खाली उतरलेलं, की आत जाताना आम्ही दोघंही सवयीनं वाकलो आणि एकमेकांकडे बघून हसलो. बांबूच्या भिंती, वरून मातीचा लेप, खिडकी नाहीच. आत मात्र इतकं गार, की दीड तासाची चाल विसरायला झालं. त्यांनी पानाच्या द्रोणांत तांदळाची पेज दिली आणि सोबत वास्ते, म्हणजे कोवळ्या बांबूची भाजी. अब्बांनी दोनदा मागून घेतली. सोमारीबाई उंच, हाडकुळ्या, कपाळावर गोंदलेलं. मराठी समजत होतं, बोलताना मात्र त्या दोन शब्द मराठीत आणि बाकीचं गोंडीत सांगून वनमालाबाईंकडे बघत. मी काढलेली मासोळी त्यांनी बराच वेळ पाहिली आणि बोटानं तिचं पोट आणखी खाली ओढलं. अंडी असतात, म्हणाल्या. मी पोट मोठं केलं. संध्याकाळच्या बसला निघेपर्यंत माझी अर्धी वही भरली होती, आणि अब्बांनी शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून दिलं होतं.

चाळीस चित्रांची पुस्तिका तयार झाली. आमच्या सुतळ्यांवर त्या महिन्यात पत्रिकांऐवजी मासोळ्या आणि पाखरं वाळत होती. नाव ठेवलं ‘येर म्हणजे पाणी’. बाई गठ्ठा घेऊन गेल्या आणि पंधरा दिवसांनी सांगायला आल्या, की सोमारीबाईंची धाकटी नात, जी जूनपासून वर्गात एक अक्षर बोललेली नव्हती, तिनं मासोळीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि ‘मीन’ असं केवढ्यानं तरी म्हटलं. मग पान उलटलं, आणि पुन्हा म्हटलं. वर्ग संपेपर्यंत ती थांबली नाही. हे सांगताना बाई आमच्या ओट्यावर बसून रडल्या, आणि अम्मीनं त्यांना न विचारता चहा ठेवला.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. शिक्षकांच्या बैठकीत बाईंच्या पिशवीतली पुस्तिका या हातातून त्या हातात गेली. कुणी मागितली की बाई देऊन टाकत. संपली की लोक हातानं उतरवून घेत, कुणी कार्बन लावून चित्रं काढी. एटापल्लीच्या बाजूचे एक गुरुजी होते, त्यांनी आपली प्रत बाईंना दाखवायला म्हणून पाठवली. बाईंनी कौतुकानं ती आमच्याकडे आणली. मी उघडून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या घराखाली ‘रोन’ लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी ‘लोन’ केलं होतं. घराच्या बाजूला बॉलपेननं एक वाकडातिकडा धानाचा कणगा काढला होता. आणि माझ्या मासोळीला मिशा.

बाई म्हणाल्या, तिकडे घराला लोनच म्हणतात. आणि त्यांच्या नदीत ती मिशांची मासोळीच जास्त मिळते, पोरं तीच ओळखतात.

“चित्र माझं हाये, बाई,” मी म्हटलं. “त्यायनं काऊन हात लावला?”

बाईंनी पुस्तिका मिटली. “आन् शब्द कोणाचे हायेत?” असं म्हणून त्यांनी ती पिशवीत ठेवली. रागावल्या नव्हत्या. मी मात्र तीन दिवस धुमसत होते. अब्बांना सांगितलं तर ते हसले. त्यांच्या बोर्डांवर लोक पोस्टर चिकटवत, पान थुंकत. त्यांना याचं काय वाटणार. मला मात्र वाटे, की एवढी वही भरून काढलेली चित्रं, आणि कुणीही उठावं नि त्यांत रेघोट्या माराव्यात. आज हे लिहिताना मला त्या मुलीची लाज वाटत नाही. पहिल्यांदाच काहीतरी तिचं स्वतःचं झालं होतं. ते घट्ट धरून ठेवावं असं कुणालाही वाटलं असतं.

अशा मनःस्थितीत असतानाच नागपूरचे ते गृहस्थ आले. मुलांची पुस्तकं छापण्याचा त्यांचा व्यवसाय होता. नाव मी लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. कुठल्याशा कार्यालयात त्यांनी पुस्तिका पाहिली होती आणि चौकशी करत आमच्या घरापर्यंत आले होते. अब्बा त्या दिवशी चामोर्शीला बोर्ड रंगवायला गेलेले. गृहस्थ सुतळ्यांखालून वाकत आत आले, खुर्चीवर बसले, आणि माझी मूळ चित्रं मागून घेऊन एकेक करून इतक्या सावकाश पाहू लागले, की तसं तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. पाखराच्या पंखावरच्या बारीक रेघा त्यांनी मोजल्यासारख्या न्याहाळल्या. मग म्हणाले, हे रंगीत व्हायला पाहिजे, चांगल्या कागदावर, संपूर्ण महाराष्ट्रात जायला पाहिजे. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून नाव येईल. शमीम रशीद शेख. त्यांनी ते मोठ्यानं उच्चारलं. आमच्या घरात माझं पूर्ण नाव शाळेच्या दाखल्यावर सोडलं तर कुठे लिहिलेलं नव्हतं.

बाईंना विचारायला हवं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, शब्दांचं मी त्यांच्याशी बोलणारच आहे, त्यांच्याकडेच निघालोय. चित्रांचा हक्क तुमचा आहे, त्याची सही तुम्हीच करायची. इंग्रजीत टाइप केलेला दोन पानांचा कागद होता. एकोणिसाव्या वर्षी मला बारावीपुरतं इंग्रजी येत होतं, तेवढ्यानं त्या कागदातल्या एकाही वाक्याचा शेवट सापडला नाही. मी सही केली. त्यांनी चाळीसही चित्रं कागदात नीट गुंडाळून घेतली. ती गुंडाळी दाराबाहेर जाताना मला थोडं चुकल्यासारखं झालं, पण अम्मीनं आतून हाक मारली आणि मी कणीक मळायला गेले.

अब्बांना संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. एवढंच म्हणाले, की बाई येऊ देत.

बाईंच्या आधी पत्र आलं. आपण करारानुसार चित्रांचे सर्व हक्क दिलेले असल्यानं यापुढे सदर चित्रं कोणत्याही स्वरूपात छापू वा वितरित करू नयेत, अशा अर्थाचं. खाली त्याच सौम्य गृहस्थांची सही. अब्बांनी ते दोनदा वाचलं. अब्बांच्या कामात दिलेल्या शब्दाला फार किंमत होती. पोरीनं सही केली म्हणजे ती त्यांचीच सही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात घमेलं घेतलं, त्यात ब्लिचिंग पावडरचं पाणी केलं, आणि भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या पुस्तिकेच्या चौकटी एकेक करून माझ्यासमोर आणल्या. आम्ही दोघांनी मिळून त्या धुतल्या. पाणी मारलं की आधी कडा सुटत, मग मधली रेघ फुगून यायची आणि निघून जायची. झाड गेलं, बैल गेला, पोटातली अंडी घेऊन मासोळी गेली. शेवटी नुसतं पांढरं कापड उरे, उन्हात धरलं तर पलीकडचं दिसणारं. कुणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाई आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एकच विचारलं, की कागद वाचला होता का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी आपल्याकडची हकिगत सांगितली. ते गृहस्थ कोसमटोल्यालाही गेले होते. बाईंनी त्यांना सरळ सोमारीबाईंच्या अंगणात नेऊन बसवलं, कारण शब्द त्यांचे होते. चार-पाच बाया जमल्या. सगळं ऐकून घेतल्यावर सोमारीबाईंनी विचारलं, की रंगीत पुस्तक आल्यावर एटापल्लीच्या गुरुजींना त्यात ‘लोन’ लिहिता येईल का. गृहस्थ म्हणाले, तसं चालणार नाही, पुस्तक सगळीकडे एकसारखं असावं लागतं. मग पोरं उतरवून घेतील त्याचं काय, असं एकीनं विचारलं. ते म्हणाले, तेही कायद्यात बसत नाही. बाया आपसांत गोंडीत बोलल्या. मग सोमारीबाईंनी त्यांना पेज दिली, आणि शब्द दिले नाहीत.

म्हणजे शब्द इकडे राहिले आणि चित्रं तिकडे गेली. शब्दांवाचून ते पुस्तक काही निघणार नव्हतं, आणि ते निघालंही नाही, कधीच. बाईंनी चित्रं परत मागणारी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला उत्तर आलं, अतिशय सभ्य भाषेत, की विषय विचाराधीन आहे. माझी ती चाळीस चित्रं कुठल्या तरी कपाटात असतील, किंवा नसतीलही. त्या गृहस्थांनी कुणाचं काही वाईट केलं नाही आणि एकाही पोरासाठी ती पुन्हा छापली गेली नाहीत. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

गावांतल्या जुन्या प्रती हळूहळू फाटत होत्या. जूनला नवी पोरं पहिलीत येणार होती. मी पत्रिकांच्या वेलीसुद्धा काढेनाशी झाले. एक दिवस अब्बा चौकटीवर नवं कापड ताणत होते. खिळे तोंडात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेटा, तू चित्रं लिहून दिलीस. हात नाई लिहून दिला.”

मे महिन्यात मी कोसमटोल्याला बाईंच्या खोलीवर राहायला गेले. या वेळी अम्मीनंच माझी पिशवी भरली. गावातल्या बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला जात आणि दुपारी सावलीत बसून पानांच्या जुड्या बांधत. मी त्यांच्या मधे बसायची. पहिल्या वेळी मी पाहून आले होते आणि घरी बसून काढलं होतं. आता आधी मातीत काडीनं काढायची, सगळ्या बघत, कुणीतरी काडी माझ्या हातून घेई आणि रेघ फिरवी, दुसरी तिला हसे, वाद होई, आणि मग उरेल ते मी कागदावर उतरवायची. पहिले दोन दिवस कुणी काडी घेतली की माझा जीव वर-खाली व्हायचा. तिसऱ्या दिवशी मीच काडी पुढे करू लागले. बैलाच्या मानेवरचं जू मी जन्मभर चुकीचं काढत आले होते, हे मला एका सात वर्षांच्या पोरीनं दाखवलं.

मासोळीशी मी अडले. मिशांची काढावी की पोटाची, या गावची की त्या गावची. सोमारीबाई जुडी बांधता बांधता म्हणाल्या, दोन्ही काढ. घराचं काय करायचं, तर बाईंनी सुचवलं की ते पान कोरंच ठेवू. वर नुसतं लिहू, आपलं घर इथं काढा. आणि प्रत्येक चित्राखाली दोन शब्दांच्या जोडीला एक रिकामी रेघ ठेवू, ज्या गावचा जो शब्द असेल त्यासाठी. मला ते पटलं. इतकं पटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचाच राग आला.

शेवटचं काम होतं पहिल्या पानाचं. आता कुणी कागद घेऊन आलं तर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. बाईंनी लिहायला घेतलं, की ही पुस्तिका कुणीही उतरवून घ्यावी, छापावी, वाटावी, आणि आपल्या गावाप्रमाणे बदलावी. वाचून दाखवलं, गोंडीत समजावून सांगितलं. बायांनी माना डोलावल्या. सोमारीबाईंनी मात्र हात वर करून थांबवलं. कुणी बदलली तर कोणत्या गावानं बदलली ते लिहावं, म्हणाल्या, म्हणजे पोराला कळेल की हा शब्द कुठून आला. आणि आधीच्या गावाचं नाव पुसू नये. बाईंनी तेही लिहिलं. मग सोमारीबाईंनी थेट मराठीत, माझ्याकडे बघून सांगितलं, “ज्यानं नेलं, त्यानं दुसऱ्याले अडवू नये. हे लिव.”

ती ओळ मीच लिहिली. माझ्या हाताच्या अक्षरात ती छापली गेली. तिच्याखाली शब्द देणाऱ्या बायांची नावं आली, मग बाईंचं, माझं आणि अब्बांचं, आणि सगळ्यांच्या पुढे गावाचं नाव. जूनच्या आधी आमच्या सुतळ्या पुन्हा भरल्या. अम्मीनं त्या वर्षी थिनरच्या वासाची तक्रार केली नाही. ती स्वतःच पानं जुळवत बसली होती.

पुढे बाईंची बदली झाली. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि फ्लेक्सच्या बोर्डांनी त्यांचं कामही उतरवलं. माझं लग्न झालं. आमचे हे विजेच्या खात्यात होते. सोमारीबाई गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. काही वर्षांनी गडचिरोलीत एक संगणकाचं दुकान निघालं, तिथल्या मुलीनं पुस्तिका इंटरनेटवर ठेवायची म्हणून माझी परवानगी मागितली. मी पहिलं पान वाच म्हटलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, काकू, याला खुला परवाना म्हणतात, आता जगभर असे परवाने लिहितात, त्यांच्या खुणाही ठरलेल्या आहेत. तुम्ही कुठून घेतला? मी तिला तेंदूपत्त्याच्या जुड्यांबद्दल सांगितलं. तिला ते कितपत पटलं, कोण जाणे.

पण खरं सांगायचं ते पुढचं. एकदा यांना भामरागडच्या अलीकडे एका गावात लाइन तपासायची होती आणि घरी बसून कंटाळा आला म्हणून मीही जीपमधून गेले. काम लांबलं. मी शाळेच्या व्हरांड्यात सावली बघून बसले. तिथली शिक्षिका विशीतली, त्याच बाजूची मुलगी होती. तिनं पाणी दिलं, चौकशी केली, आणि पोरांना मधली सुट्टी देऊन एका जाड कागदाच्या वहीत काहीतरी काढू लागली. माझं लक्ष गेलं. चित्र, खाली माडिया, म्हणजे तिकडच्या गोंडीतला शब्द, त्याखाली मराठी शब्द, आणि एक रिकामी रेघ. मी वही मागितली. पहिल्या पानावर तीच वाक्यं होती, वेगळ्याच अक्षरात, आणि खाली गावांची लांबलचक यादी. कोसमटोला सगळ्यात वर होतं. माणसांची नावं उतरवता उतरवता कुठेतरी गळाली होती. सोमारीबाईंचं राहिलं होतं, एक वेलांटी कमी होऊन. माझं नव्हतं. आत एकही चित्र माझं नव्हतं. सगळी नव्यानं काढलेली, ठसठशीत, तिच्या हाताची.

मला वाईट वाटेल असं मला वाटलं, म्हणून मी थोडा वेळ थांबून पाहिलं. तसं काही झालं नाही.

“पायजे असन तं उतरवून घ्या, बाई,” ती म्हणाली. “कोनीबी नेते.” मग ओशाळून म्हणाली, की बाकी सगळं जमलं, एक वाघ तेवढा जमत नाही, मांजरच होते. पेन्सिल तिच्या हातातच होती. मी म्हटलं, आण इकडे.

मी वाघ काढला. पुष्कळ दिवसांनी काढत होते, पण हात विसरला नव्हता. पट्टे, खांदे, उचललेली मान. पोरं भोवती गोळा झाली. शिक्षिका खूश झाली. तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोर वाकून चित्राकडे बघत माडियात काहीतरी म्हणाली आणि बाकीची हसली. शिक्षिकेनं तिला दटावलं. मी विचारलं, काय म्हणते. शिक्षिका सांगायला तयार होईना. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, ती म्हणते, वाघ असा मान वर करून फोटो काढल्यासारखा उभा राहत नाही. मान खाली घालून जातो. तिनं पाहिला आहे, बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर.

पोरीनं तोवर माझ्या हातातली पेन्सिल धरली होती. शिक्षिका तिला मागे ओढू लागली. “बदलवलं तं चालन का, बाई?” शिक्षिकेनं मला घाबरत विचारलं.

मी चालेल म्हटलं, पेन्सिल सोडली, आणि पोरीला बसायला जागा करून दिली.